तारेच्या खड्ड्यातली माती

हत्ती लागला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. पंचांगात हस्त नक्षत्र लिहितात, पण आमच्या बालाघाटच्या माळावर त्याला हत्तीच म्हणायचं, आणि तो वागतोही तसाच. दुपारी बारापर्यंत ऊन असं, की वाळत टाकलेली गोधडी तासाभरात कडक व्हावी. दोनला क्षितिजावर काळं उठतं, आणि तीनला घरातली भांडी थरथरायला लागतात. पडतील हत्ती तर कोसळतील भिंती, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. कोसळलेल्या भिंती मी पुष्कळ पाहिल्या. पण हत्तीचं आभाळ भरून आलं की मला भिंत आठवत नाही, आठवते ती माती. दोन पाट्या माती, काळी, मऊ आणि ओली.

यंदा हत्ती आणि नवरात्र हातात हात घालूनच आले. परवा सूनबाईनं सगळं घर धुवायला काढलं होतं. नवरात्राआधी घरातली चिंधीसुद्धा पाण्यातून काढायची आमच्याकडं रीत. अंगणात गोधड्यांचे ढीग, ओट्यावर पितळेची भांडी, चिंचेचा आंबट वास, आणि त्या रगाड्यात टेलिफोनचा पोरगा आला. मागच्या वर्षी विजेनं आमचा फोन जळाला होता, म्हणून आता तार जिथून घरात शिरते तिथं तो एक पांढरं डबडं बसवणार होता. मी काठी टेकत त्याच्यामागं जाऊन उभी राहिले.

"आजी, बाजूला व्हा. भोक पाडायलोय मी."

"हे डबडं कशाला रे?"

"वीज आली तर फोन जळू नये म्हणून."

"अन् मग वीज जाईल कुठं?"

"जमिनीत."

"तिथं खड्डा केलास का? ओला ठेवता का त्याला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग सूनबाईकडं बघितलं. "ओला कशाला आजी? भाजी लावायचीय का त्यात?"

हात मेल्या! भाजी म्हणे. मला इतकं हसू आलं की काठी हातातनं सुटली. सूनबाईला वाटलं, सासूबाईंचं काही खरं नाही. त्या पोराला काय ठाऊक, की अशाच एका खड्ड्यातल्या मातीत मी काय पेरलं होतं, आणि त्यापायी माझा संसार सहा महिन्यांचा असतानाच मोडायला निघाला होता.

मी धर्मापुरीची. आमचे वडील शाळामास्तर. राज्य निजामाचं, शाळेत उर्दू, त्यामुळं मराठी बाराखडी त्यांनी मला घरी पाटीवर गिरवायला लावली. त्याबरोबर एक खोडही लावली, 'कावून' विचारायची. आमच्याकडं 'का' म्हणायचं तर लोक कावून म्हणतात. कावून चंद्र कमी होतो, कावून देवळाच्या भिंतीवरल्या दगडी बाईनं पाय दुमडलाय, कावून तेल पाण्यावर तरंगतं. वडील प्रत्येक कावूनला उत्तर द्यायचे आणि येत नसलं तर सरळ सांगायचे की येत नाही. सासरी असं कोण करणार? सतरा वर्षांची, म्हणजे त्या वेळच्या मानानं घोडनवरीच, अशी मी घाटनांदूरला पोलीस पाटलाच्या घरात आले, आणि पंधरा दिवसांत माझं नाव पडलं कावूनबाई.

ते पाडलं सासूबाईंनी. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. उंच, हडकुळ्या, बोलणं कोयत्यानं तोडल्यासारखं. दिवसातनं दहा शब्द बोलायच्या, त्यातले आठ माझ्या वाट्याला. "तोंड मीट, हात चालीव," हे त्यातलं सगळ्यात गोड.

पण त्या घरात एक वस्तू अशी होती, की तोंड मिटणं मला शक्यच नव्हतं. बैठकीच्या भिंतीवर टेलिफोन होता. मी येण्याच्या आदल्या साली सरकारनं सासऱ्यांना दिलेला. एक तालुक्याच्या कचेरीत, एक आमच्याकडं, मधे मैलोन्‌मैल खांब आणि तार. दरोडा पडला, पटकी आली, की पाटलानं हँडल फिरवायचं आणि कळवायचं. काळपट लाकडाची पेटी, वर दोन पितळी घंट्या, बाजूला अडकवलेला कानाला लावायचा भोंगा. गावातली जुनी माणसं बैठकीत शिरताना आधी त्याला रामराम घालायची, मग मामंजींना. मामंजी म्हणजे सासरे. आणि मामंजींची तऱ्हा वेगळीच. घंटी वाजली की ते आधी खुंटीवरचा फेटा काढायचे, नीट बांधायचे, आणि मग भोंगा कानाला लावून वाकून म्हणायचे, "जी हुजूर." पलीकडच्या साहेबाला फेटा दिसत नाही, हे त्यांना सांगणार कोण? मी दाराआडून पदर तोंडात कोंबून हसायची.

पाण्याला जाताना वाटेवरच्या खांबाला मी कान लावून बघायची. आत गुणगुण चालू असायची. बरोबरच्या बायका म्हणायच्या, "काय गं, साहेब काय म्हनायलाय?" त्यांचंही बरोबर होतं. त्यातल्या एकीनं मला अगदी मनापासून विचारलं होतं, की बोलणं जर तारेतून जातं तर पावसात भिजत कसं नाही? मला उत्तर आलं नाही. अजूनही नीटसं येत नाही.

तारेची निगा राखायला गफूरमियाँ यायचे. महिन्यातनं एकदा, पायी, खांद्यावर शिडी, गळ्यात चामड्याची पिशवी, दाढी मेंदीनं लाल. हैद्राबादेकडचे. ओट्यावर बसून बशीतनं चहा प्यायचे आणि मग पेटी उघडायचे. मी सून, त्यांच्यापुढं यायची सोय नाही. मी दाराच्या फळीआडून विचारायची आणि ते त्या फळीकडं बघूनच उत्तर द्यायचे. एकदा मामंजींना म्हणाले, "पाटीलसाब, आपका दरवाजा बहुत होशियार है, सवाल पूछता." मामंजी खोकले. आत्याबाईंनी आतून भांडं आपटलं.

टेलिफोनच्या डोक्यावर आणखी एक लहान डबी होती, पितळी कानांची. माझा सगळा जीव त्या डबीत. मियाँनी एकदा ती उघडून फळीसमोर धरली. आत कोळशाच्या दोन वड्या, समोरासमोर, आणि मधे अभ्रकाची चकती. कांद्याच्या सालीहून पातळ, मधोमध बारीक भोक असलेली.

"देख बेटी, बोलने की बिजली गरीब है. ये जरा सा फासला भी कूद नै सकती. सीधी फोन में जाती. आसमान की बिजली मस्त है, उसको कूदने की आदत. वो इधर से कूदी, ताँबे की तार पकडी, और गयी जमीन में."

"जमिनीत जाऊन काय करते ती?"

"घर पहुँच गयी ना. फिर क्या करना?"

किती साधं उत्तर, पण मी आठवडाभर ते तोंडात घोळवत होते. वीज म्हणजे आभाळातला राग, पापाची शिक्षा, असं ऐकत आलेली मी. आणि हा माणूस सांगतोय की ती बिचारी घराकडं निघालीय, तिला फक्त वाट द्या. वाट नाही दिली तर मग ती भिंत बघत नाही, माणूस बघत नाही. मियाँनी दोन गोष्टी बजावल्या. एक, वाट ओली पाहिजे, म्हणून तार जिथं जमिनीत जाते त्या खड्ड्याला रोज एक घागर पाणी. आणि दुसरी, "बादल बोला तो फोन को हात नक्को. घंटी बजी तो भी नक्को. बिजली भी घंटी बजाती."

तो खड्डा घरामागं होता, गोठ्याच्या भिंतीला लागून. खाली तांब्याचा पत्रा आणि वर कोळसा, असं मियाँ म्हणाले. कोळसा कावून? तो ओल धरतो म्हणून. एवढ्यावर माझं समाधान झालं. घागर ओतायचं काम अर्थातच कावूनबाईच्या गळ्यात पडलं. विहीर लांब, आणि आत्याबाईंचा जळफळाट. "तुळशीला तांब्या अन् खड्ड्याला घागर! कलियुग म्हनत्यात ते ह्येच." पण सरकारी काम, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती.

आता बघा, मी स्वतःला मोठी चौकस समजत होते. त्या खड्ड्यावर रोज पाणी पडत होतं, तरी तिथं गवताची काडी उगवत नव्हती. माती वाळली की कडेला पांढरी साय धरायची. आमची तांबडी गाय सुटली की वैरण सोडून थेट तिथं जायची आणि जमीन चाटत बसायची. हे सगळं मी रोज डोळ्यांनी बघत होते आणि एकदाही कावून म्हटलं नाही. डबी बघायची तर जीव टाकायचा आणि पायाखालच्या मातीचं नाव काढायचं नाही, अशी माझी चौकशी. मला इतकंच दिसलं, की माती काळीभोर आहे, भुसभुशीत आहे, आणि सगळा गाव उन्हानं तडकलेला असताना ओली आहे.

नवरात्र आलं. तरवडाला पिवळी फुलं आली, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारून झाल्या. घट आमच्याकडं मोठा बसायचा. पत्रावळीवर मातीचा गोल, मधे पाण्यानं भरलेलं मडकं, मातीत गहू, जवारी, हरभरा, करडई, जवस. पाटलाच्या घटात काय जोमानं येतं ते बघायला गाव यायचं आणि त्यावर रब्बीची पेरणी ठरवायचं. जवारी चांगली आली तर जवारी, करडई चांगली आली तर करडई. आणि घराची रीत अशी, की सुनेच्या पहिल्या नवरात्रात घटाची माती तिनं आणायची. अनवाणी जायचं, वावरातली आणायची, वाटेत कुणाशी बोलायचं नाही.

गेले की मी! पाटी आणि खुरपं घेऊन तळ्याकडच्या वावरात गेले. हत्ती लागून चार दिवस झाले होते, पण थेंब नव्हता. ढेकळं अशी की खुरपं खणखण वाजत होतं. अर्धी पाटी ढेकळं भरली, पायाला फोड आले, आणि मनात आलं, असल्या दगडांत दाणा उगवणार कसा? खरं सांगते, नुसता आळस नव्हता तो. माझा घट गावात सगळ्यात जोमदार यावा अशी हाव होती. आणि दुसरं खरं कारण म्हणजे कितीतरी दिवसांपासून मला तो जमिनीतला तांब्याचा पत्रा बघायचा होता. वीज ज्या दारातनं घरी जाते ते दार कसं दिसतं, हे बघायला आज खुरपं हातात होतं आणि निमित्तही होतं.

ढेकळं गोठ्यामागं ओतली. खड्डा खणत गेले. एक पाटी भरली, गोठ्यातली दुसरी भरली, हातभर खाली गेल्यावर पत्र्याची कड दिसली, हिरवट. एवढंच? मला वाटलं होतं काहीतरी चमकेल. पलीकडं कुणाची तरी चाहूल लागली तशी वरून कडब्याच्या चार पेंढ्या लोटल्या आणि पाट्या घेऊन घरात आले.

आत्याबाईंनी माती मुठीत घेतली, चुरली, बोटांतून सोडली. "ब्येस हाय गं माती," त्या म्हणाल्या. "कुठली?"

ती त्यांनी मला म्हटलेली पहिली चांगली गोष्ट. मी म्हटलं, "वावरातली."

तिसऱ्या माळेला कोंब दिसायला पाहिजेत. दिसले नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, थंडावा कमी पडला असंल. चौथ्या माळेला जास्त पाणी शिंपडलं. पाचव्या माळेला शेजारच्या बाया आल्या. त्यांच्या घरी दोन-दोन बोटं रोपं वर आलेली, आणि आमच्या घटात नुसती काळी माती, अगदी मेल्यासारखी. एकीनं माझ्या पायांकडं बघितलं. मग दुसरीनंही बघितलं. पांढऱ्या पायाची हा शब्द तोंडानं म्हणावाच लागत नाही, नुसत्या नजरेनं म्हणता येतो. बाहेर ओट्यावर गावची माणसं मामंजींना विचारत होती, "पाटील, पेरणीला पाभर धरावी का थांबावं?" पाभरी थांबल्या.

त्या दिवशी जेवणं चालू असताना आत्याबाईंनी निकाल दिला. "दसऱ्याचं सोनं लुटलं की हिला धर्मापुरीला घाला. मास्तरला म्हनावं, ठिवून घ्या तुमची लेक. देवीनंच सांगितलंय, आमी कोन?"

आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. पण बोलले नाहीत. आईपुढं बोलायची तेव्हा रीत नव्हती, हे मला आज कळतं. तेव्हा नुसता संताप आला होता. परत पाठवलेल्या मुलीचं काय होतं ते मी धर्मापुरीत पाहिलं होतं. आणि माझ्या पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या होत्या. थोरली नांदली नाही म्हटल्यावर त्यांना कोण करून घेणार?

घट कावून उगवला नाही? मी रात्रंदिवस तेच विचारत होते, फक्त मनात. खोटं बोलले म्हणून? तारेच्या मातीत विजेचा काही दोष उतरला म्हणून? खरं सांगावं तर देवीच्या घटाला खड्ड्यातली माती घातली आणि वर खोटं बोलली, म्हणजे दसऱ्याचीसुद्धा वाट बघणार नाहीत. गप्प बसावं तर पांढऱ्या पायाची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी खड्ड्याकडं फिरकायचंच सोडलं होतं. घागरही बंद.

सातव्या माळेला हत्ती आला. दुपार होती. ऊन एकदम विझलं, माळवदावरची कबुतरं उडाली, आणि तळ्याच्या अंगाला आभाळ असं काळं झालं की दुपारच्याला देव्हाऱ्यातल्या समईचा उजेड भिंतीवर दिसायला लागला. मामंजी बैठकीत एकटे. मी माजघरात फुलांची माळ ओवत होते. लांब कुठंतरी वीज कडाडली आणि लगेच टेलिफोनची घंटी वाजली. किण्ण. थांबली. परत किण्ण किण्ण. कुणी हँडल फिरवल्यासारखी सलग नाही, तुटक तुटक.

सुई माळेत तशीच सोडून मी दाराशी आले. मामंजी उठले. कचेरीची घंटी वाजली आणि पाटील आला नाही, असं त्यांच्या हयातीत झालं नव्हतं. विजेपेक्षा साहेबाचं भय मोठं. पण उघड्या डोक्यानं साहेबाशी बोलायचं कसं? त्यांनी खुंटीवरचा फेटा काढला आणि बांधायला लागले. तेवढ्यानं मला वेळ मिळाला. डोक्यावरचा पदर कुठं, पाय कुठं, काही शुद्ध नाही, मी बैठकीत धावले आणि ओरडले, "मामंजी, हात लावू नका!"

सहा महिन्यांत मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. ते न ऐकल्यासारखं करून पुढं झाले. भोंग्याला हात घालणार, तोच त्यांच्या फेट्याचं लोंबतं टोक मी धरलं आणि सगळ्या अंगानिशी मागं ओढलं. सासऱ्याच्या डोक्यावरचा फेटा! आजही अंगावर काटा येतो. ते दोन पावलं मागं कोलमडले, आणि भिंतीवर निळा लोळ फुटला. तोफेसारखा आवाज. डबीचं झाकण उडून समोरच्या कोनाड्यात जाऊन पडलं, पेटीचं दार लोंबकळलं, भिंतीच्या पोताऱ्यावर वरून खालपर्यंत काळा ओरखडा. आणि वास, जळक्या शिंगासारखा.

मामंजी जमिनीवर बसले होते, अर्धा फेटा गळ्यात. त्यांनी भोंग्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"मियाँनी सांगितलं होतं."

त्यांनी मान हलवली. पण आत्याबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या लेखी हिशेब पुरा झाला होता. घट उगवला नाही, आता घरात वीज शिरली. "दसऱ्याची वाट बगू नका," त्या म्हणाल्या. "उद्याच गाडी जोडा."

दुसऱ्या दिवशी गाडी खरंच जोडली. माझं गाठोडं बांधून झालं होतं. एवढ्यात शिडी घेऊन गफूरमियाँ आले, तार बंद पडली म्हणून. त्यांनी डबी बघितली, कोळशाचा चुरा बोटावर घेतला आणि म्हणाले, "ये तो कूदी थी. बराबर कूदी थी. पर आगे रास्ता नै मिला. कायकू नै मिला?" हाच तर माझा शब्द! ते घरामागं गेले. कडबा बाजूला केला.

"पाटीलसाब! खड्डा कौन खोदा?"

मामंजींचा चेहरा बदलला. तांब्याचा पत्रा सरकारी, चोरी झाली असती तर पाटलाचीच मान अडकली असती. "सटव्याला बोलवा," ते गरजले. सटवा आमचा राखणदार, गोठ्याजवळ झोपायचा. तो हात जोडून उभा राहिला. "मालक, म्या न्हाई. लेकराच्या गळ्याची आन." मामंजींनी कोपऱ्यातली काठी उचलली.

गाठोडं तिथंच टाकून मी ओट्यावर आले. मियाँनी त्या दिवशी पहिल्यांदा माझं तोंड बघितलं.

"मी खणला," मी म्हटलं. "माती घटाला नेली. वावरातली नव्हती ती."

मामंजींनी काठी खाली टेकवली. आणि गफूरमियाँनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! बेटी, उसमें तो नमक है! आधा पोता नमक मैं अपने हात से डाला. कोयला और नमक, पानी पकडने के वास्ते. उसमें घास नै उगती, गेहूँ क्या उगेंगे?"

मीठ! गवताची काडी नाही, पांढरी साय, चाटणारी गाय, सगळं एका क्षणात माझ्यापुढं उभं राहिलं, आणि माझी मलाच इतकी कीव आली की रडता रडता हसू फुटलं. सटवाही हसायला लागला, बिचारा. मामंजींनी तोंड फिरवलं.

आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या वळल्या आणि आत देव्हाऱ्याकडं गेल्या. बसलेला घट हलवत नाहीत, त्याला हात लावत नाहीत. पण त्या खाली वाकल्या, पत्रावळीच्या कडेची चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. मी दारातनं बघत होते. पाठमोऱ्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग बाहेर आल्या.

"खारट हाय," त्या मामंजींना म्हणाल्या. "बैलं सोडा." मग माझ्याकडं बघून, "अन् तू. खोटं बोललीस न्हवं? आता रोज दोन घागरी त्या खड्ड्याला."

मियाँनी खड्डा परत भरला, नव्या वड्या बसवल्या, चहा पिऊन गेले. गावात बातमी चुलीच्या धुरासारखी पसरली. जिनं परवा माझ्या पायांकडं बघितलं होतं ती स्वतः येऊन मला म्हणाली, "काय बाई, खारं वांगं लावायचं व्हतं का देवीला?" पाभरी निघाल्या. आमचे हे दाराशी येऊन उगाच घुटमळले, आणि गाठोडं सोडून माझं लुगडं स्वतःच्या हातानं दांडीवर टाकून गेले. एवढंच त्यांना जमलं. मला तेवढं पुष्कळ झालं.

दिवेलागणीला मी भाकरी करायला बसले. आत्याबाई चुलीच्या दुसऱ्या अंगाला, तुरीच्या काड्या मोडून जाळात सारत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, चुकलं माझं."

मी भाकरी उलटली. ती फुगली, तिच्याकडं बघतच त्या म्हणाल्या, "माझाबी घट उगवला नव्हता. लगीन झालं त्याच साली."

"मग?"

"मग काय. वर्सभर म्हायेरी ठिवलं मला. तुझ्या मामंजीला दुसरी पोरगी बगून झालती. माझा बाप येऊन सगळ्यांच्या पाया पडला, तवा आनलं."

"अन् माती?" मी विचारलं. "माती कुठली होती?"

"वावरातलीच. अनवानी जाऊन आनलेली, कुनाशी न बोलता." त्यांनी फुगलेली भाकरी हातानंच उचलली, टोपल्यात टाकली, आणि भाजलेली बोटं पदराला पुसली. "कुनी चाखून न्हाई बगितली गं."